घोड्यांमधील पाठदुखी

घोड्यांमधील पाठदुखी म्हणजे घोड्याच्या पाठीतील व कमरेतील मणके, सांधे, अस्थिबंध किंवा स्नायू यांत उद्भवणारी वेदना होय. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांचे लक्षण आहे. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी प्रवासी व सामान वाहणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत या दुखण्याला विशेष महत्त्व आहे.

कारणे

घोड्याच्या पाठीत सर्वसाधारणपणे १८ व कमरेत ६ मणके असतात. मणक्यांचे वर निघालेले काटे, विशेषतः खोगिराखालचे, जवळ येऊन एकमेकांवर घासू लागले की वेदना होते. मात्र न बसणारे खोगीर हे अधिक साधे व टाळता येण्याजोगे कारण आहे. ‘खोगीरभरती’ हा शब्द मराठीत निरुपयोगी भरणा या अर्थाने रूढ असला, तरी घोड्याच्या पाठीला ही भरती निरुपयोगी नसते. ती दबली वा एका बाजूस सरकली, की सारा भार थोड्या जागेवर पडतो. अतिभार हे दुसरे कारण. ओझेवाहू प्राण्यांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टूवरील ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. पुष्कळ प्रौढ स्वारांचे वजनच तेवढे भरते, खोगीर वेगळेच. मागच्या पायाच्या लंगडण्यामुळेही पाठ दुखू लागते.

निदान

खरारा करताना पाठ आक्रसणे, तंग आवळताना चावू पाहणे, उतारावर अडखळणे ही लक्षणे अनेकदा खोडकरपणा समजली जातात व घोडा मार खातो. पशुवैद्य पाठीवरून दोन्ही बाजूंनी बोटे दाबत नेतो, घोड्याला साध्या व दुडक्या चालीने चालवून पाहतो आणि खोगीरही तपासतो. क्ष-किरण चित्रात काटे जवळ आलेले दिसले, तरी तेवढ्याने निदान ठरत नाही. वेदना नसलेल्या घोड्यांतही ते तसे आढळतात. संशयित जागी बधिरतेचे इंजेक्शन देऊन चाल सुधारते का, हे पाहिले जाते.

उपचार

प्रथम कारण दूर करावे लागते. त्यासोबत विश्रांती, वेदनाशामके व क्रमाने वाढवलेला व्यायाम दिला जातो. फेनिलब्युटाझोन दीर्घकाळ दिल्यास जठरात व्रण होऊ शकतात. डायक्लोफिनॅक गिधाडांना घातक ठरल्याने जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. काटे घासत असल्यास तेथे स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. क्वचित शस्त्रक्रिया करून त्यांमधील अस्थिबंध छेदतात. खोगीर न बदलता केवळ औषध दिल्यास दुखणे बहुधा परत येते.