तुरट रस आणि चिकट जंतू

क्रॅनबेरीचा निव्वळ रस पहिल्या घोटालाच तोंड वाकडं करायला लावतो. आधी आंबट लागतो आणि मागून असा तुरट, की दुसरा घोट घ्यायला धीर गोळा करावा लागतो. 100 ग्रॅम क्रॅनबेरीत साखर असते जेमतेम 4 ग्रॅम, तेवढ्याच द्राक्षांत 15-16 ग्रॅम. हे फळ उत्तर अमेरिकेतलं. विस्कॉन्सिन राज्यात त्याचं सर्वाधिक पीक येतं. काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, वेली घुसळतात आणि फळं आपसूक वर तरंगतात, कारण प्रत्येक फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात.

आपल्याकडे उन्हाळी लागली की धन्या-जिऱ्याचं पाणी नाहीतर सब्जा पुढे येतो. तिकडच्या घरांत त्या जागी क्रॅनबेरीचा रस असतो. त्यामागचं कारण म्हणून कित्येक वर्षं एक सोपा तर्क सांगितला जाई: रस आंबट, म्हणून लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात. तर्क नीटनेटका होता, पण लघवीची आम्लता तेवढी वाढवायची तर रोज इतका रस प्यावा लागेल की कोणी पिणार नाही. 1984 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधले संशोधक अँथनी सोबोटा यांनी वेगळंच दाखवलं. रसामुळे जंतू मरत नाहीत, त्यांना चिकटता येत नाही.

मूत्रमार्गाच्या बहुतेक संसर्गांना कारणीभूत असतो ई. कोलाय हा जंतू. त्याचं एरवीचं घर म्हणजे आपलं आतडं. तिथून तो मूत्रमार्गात शिरला, तरी लघवीच्या धारेबरोबर वाहून जायला हवा. तो जात नाही, कारण त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. गवतातून चालताना साडीच्या काठाला कुसळं धरतात, तसा तो या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो. क्रॅनबेरीतली प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं ही पकड ढिली करतात. अशी द्रव्यं द्राक्षांत, सफरचंदात, चॉकलेटमध्येही असतात, पण क्रॅनबेरीतल्या रेणूंच्या कड्या एकाऐवजी दोन दुव्यांनी जोडलेल्या असतात आणि प्रयोगशाळेत पकड सोडवण्याचा गुण याच प्रकारात दिसला. गंमत म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा आहे तो या द्रव्यांचाच. अर्थात परीक्षानळीत दिसलेलं सगळं शरीरात तसंच घडतं असं नाही. ही द्रव्यं आतड्यातून रक्तात फारच थोडी शोषली जातात, त्यामुळे मूत्राशयात नेमकं काय काम करतं यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

माणसांवरचा बोस्टनमधला गाजलेला प्रयोग 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. 153 वयस्कर बायकांपैकी काहींना सहा महिने रोज 300 मिली क्रॅनबेरीचं पेय दिलं, बाकीच्यांना तशाच चवीचं नकली पेय. रस घेणाऱ्यांच्या लघवीच्या 15 टक्के नमुन्यांत जंतू आणि पू सापडला, नकली पेयवाल्यांच्या 28 टक्के. त्या पेयात साखर नव्हती, गोडी सॅकरिनची होती, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. पुढे 2012 मध्ये कॉक्रेन संस्थेने तोवरच्या 24 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि फायदा सिद्ध होत नाही असं म्हटलं. 2023 मध्ये अभ्यास 50 झाले, त्यांत भाग घेणारे जवळपास नऊ हजार, आणि निष्कर्ष बदलला. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याहून अधिक. वृद्धाश्रमांसारख्या संस्थांत राहणाऱ्या वयस्कर मंडळींना आणि गरोदर बायकांना मात्र ठळक फायदा दिसला नाही. ज्या वयोगटावरच्या प्रयोगाने रसाचा डंका वाजला, त्याच वयोगटात ही गत!

आता बाजारात मिळणाऱ्या डब्याकडे वळू. निव्वळ रस पिववत नाही, म्हणून कंपन्या ‘कॉकटेल’ विकतात. त्यात खरा रस बहुधा पाव हिश्शाच्या आसपास, बाकी पाणी आणि साखर. असा एक पेला, म्हणजे 240 मिली, प्यायलात की पोटात साधारण सहा-सात चमचे साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची मुक्त साखर 25 ग्रॅमच्या आत राहिलेली उत्तम, आणि फळांच्या रसातली नैसर्गिक साखरही त्या हिशेबात धरतात. मधुमेह असलेल्या बाईला आधीच मूत्रमार्गाचा संसर्ग लवकर होतो. तिने ‘औषध’ म्हणून हा गोड डबा फोडणं म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. घ्यायचाच असेल तर बिनसाखरेचा रस घ्यावा, थोडा, भरपूर पाण्यात मिसळून. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही.

करवंदाला हल्ली ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणायची टूम निघाली आहे. देठाशी पांढरा चीक येणारं आपलं करवंद कण्हेरीच्या कुळातलं आणि क्रॅनबेरी ऱ्होडोडेंड्रॉनच्या. करवंदं चवीने खावीत, लोणचं घालावं, पण वरचे निष्कर्ष त्यांच्या नावावर खपवू नयेत. त्वचा उजळते, ‘डिटॉक्स’ होतं वगैरे दाव्यांवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

एवढा रसाचा महिमा गायल्यावर साध्या पाण्याचाही एक प्रयोग सांगायला हवा. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, उरलेल्या निम्म्यांना 3.2 वेळा. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनी हे आकडे जरूर पाहावेत, आणि त्यांच्याआधी बसस्थानकं आणि बाजार बांधणाऱ्यांनी.

आणि संसर्ग झालाच असेल तर रसावर विसंबू नका. रस फार तर पुढचा संसर्ग टाळतो, झालेला बरा करत नाही. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं किंवा लघवीतून रक्त गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.