सेवा करणाऱ्यांची काळजी कोण घेणार?

आपल्या धर्मग्रामांत असे घर विरळाच, की ज्यातली एखादी मुलगी, सून किंवा भाची परिचारिका नाही. कुणी गावच्या मिशन दवाखान्यात आहे, कुणी शहरातल्या मोठ्या इस्पितळात, कुणी आखातात. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा या मुलींच्या आयांनी किती रात्री जागून काढल्या, ते आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून या वेळी शेतीचा विषय थोडा बाजूला ठेवून आम्ही एक प्रश्न विचारतो. साथीच्या दिवसांत जे दुसऱ्यांना जपतात, त्यांना कोण जपणार?

नुसत्या उपदेशापेक्षा घडलेली गोष्ट अधिक शिकवते. ती सांगतो.

२००३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेल्या काही प्रवाशांना एका नव्या रोगाची लागण झाली. पुढे त्याला ‘सार्स’ हे नाव मिळाले. त्यांपैकी एक गृहस्थ कॅनडातल्या व्हँकूव्हरला परतले. एक वृद्ध बाई त्याच देशातल्या टोरांटोला परतल्या आणि ५ मार्चला घरीच वारल्या. योगायोग असा, की ७ मार्च या एकाच दिवशी व्हँकूव्हरचे ते गृहस्थ आणि टोरांटोच्या त्या बाईंचा मुलगा, असे दोघेही आपापल्या शहरातल्या इस्पितळात तापाने व खोकल्याने बेजार होऊन दाखल झाले.

व्हँकूव्हरकडे आरोग्य खात्याची सूचना आधीच पोचली होती, की पूर्वेकडून प्रवास करून आलेला व श्वासाचा त्रास असलेला रुग्ण दिसला तर जपा. त्या गृहस्थांना काही मिनिटांतच वेगळ्या खोलीत नेले. सेवा करणाऱ्यांनी मास्क, झगे व हातमोजे चढवले. त्यांच्यापासून तिथे साथ पसरली नाही.

टोरांटोच्या इस्पितळातली माणसे काही कमी हुशार किंवा कमी कष्टाळू नव्हती. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते! तो रुग्ण रात्रभर तातडीच्या विभागात इतर रुग्णांच्या शेजारी पडून राहिला. मध्ये फक्त पडदा होता. शेजारच्यांना लागण झाली, त्यांच्यापासून इतरांना, आणि साथ शहरभर पसरली. त्या प्रांतात एकूण ४४ माणसे दगावली. आजारी पडलेल्या दर शंभरांत सुमारे ४५ जण आरोग्य सेवेतलेच होते. दोन परिचारिका आणि एक डॉक्टर यांनी प्राण गमावले.

याहून मोठा धडा पुढे आहे. मे महिन्यात साथ सरली असे समजून बंधने सैल केली गेली. एका इस्पितळातल्या परिचारिकांना मात्र न्यूमोनियाचे काही रुग्ण पाहून शंका आली. त्यांनी वरिष्ठांना तसे सांगितले. त्यांना उत्तर मिळाले, की हा सार्स नव्हे. काही दिवसांतच दुसरी लाट उघड झाली. पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांनी या सगळ्याची चौकशी केली. त्यांचा अंतिम अहवाल २००७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की धोका टाळण्याचे उपाय योजण्यासाठी शास्त्राच्या पक्क्या पुराव्याची वाट पाहू नये, आणि जे रुग्णाजवळ उभे असतात त्यांचे म्हणणे ऐकावे.

आपल्या शेतकरी बांधवांना हे समजावून सांगायला नको. बटाट्यावर करपा आला, तर पहिला डाग कुणाला दिसतो? रोज बांधावरून फिरणाऱ्या गड्याला. घरी बसून हिशेब लिहिणाऱ्या मालकाने त्याला ‘तुला काय कळते?’ असे म्हटले, तर आठ दिवसांत सगळा वाफा काळा पडतो. इस्पितळाचेही तसेच आहे. पहिला डाग परिचारिकेला, आयाला, झाडूवाल्याला दिसतो.

म्हणून लहानशा मिशन दवाखान्यानेसुद्धा साथ नसतानाच पुढील तजवीज करून ठेवावी, असे आम्ही सुचवतो.

१. बातमी एकाच तोंडून यावी. रोज पाळी बदलताना एका जबाबदार व्यक्तीने पाच मिनिटे काय बदलले ते सांगावे आणि तारीख घालून फलकावर लिहावे. जे ठाऊक नाही ते ‘अजून ठाऊक नाही’ असे सरळ सांगावे. लपवाछपवीतून अफवा जन्मतात.

२. दारातच विचारपूस व्हावी. ताप आहे का, खोकला आहे का, कुठून प्रवास करून आलात? असा रुग्ण आला की त्याला मास्क द्यावा व वेगळे बसवावे.

३. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. कडेने हवा शिरली तर त्याचा उपयोग थोडाच. खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळता ठेवावा.

४. पोशाख घालण्यापेक्षा उतरवताना अधिक धोका असतो. हातमोजे आधी, मास्क सर्वांत शेवटी, आणि मग हात स्वच्छ धुवावेत. याचा सराव दोघांनी मिळून, एकाने दुसऱ्याला पाहत करावा.

५. झाडूवाला, स्वयंपाकी, गाडीचालक यांनाही तेच शिक्षण आणि तीच साधने मिळावीत. रोग हुद्दा पाहून येत नाही.

६. आजारी पडलेल्याने घरी राहावे आणि त्याचा पगार कापू नये. पगाराच्या भीतीने ताप लपवला, तर सगळे इस्पितळ आजारी पडते.

आता आपले सामान्य माणसांचे काम. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण थाळ्या वाजवल्या. पण त्याच दिवसांत काही ठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोल्या खाली करायला लावल्या. शेवटी २२ एप्रिलला सरकारला अध्यादेश काढून आरोग्य सेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा ठरवावी लागली. ही गोष्ट आपल्याला शोभणारी नव्हती. पुन्हा अशी वेळ आली, तर थाळी वाजवण्याऐवजी ती वाढून पाठवावी. रिकामी खोली असेल तर द्यावी. परिचारिकेच्या मुलांना अंगणात खेळू द्यावे.

संत अलोयसियस गोंझागा प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १५९१ साली वारले. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण आम्हाला नम्रपणे वाटते, की त्यागाचा गौरव करून मास्कचे पैसे वाचवणे हे पाप आहे. सेवा करणारी स्वखुशीने जीव धोक्यात घालते. म्हणून तिला विनाकारण धोक्यात लोटण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. दयाळू शोमरोन्यानेही सराईवाल्याच्या हाती खर्चाचे पैसे ठेवले होते.

धर्मग्राम मंडळाच्या पुढल्या बैठकीत आपल्या दवाखान्याच्या सिस्टरांना एवढेच विचारावे: “सिस्टर, साथ उद्या आली तर तुमच्याजवळ काय आहे, आणि काय नाही?” आणि उत्तर मिळाले, की ते लिहून घ्यावे.