उन्हाळ्यात हवा कमी ठेवू नका

मेहकरला चहा घेताना हमखास वाद रंगतो: घरच्यांसाठी बोलेरो बरी की अर्टिगा? ॲव्हरेज, सीट, डिकी, सगळं निघतं. टायरबद्दल मात्र एकच सल्ला मिळतो, ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा.’ हा सल्ला धोक्याचा आहे.

टायर फिरताना प्रत्येक फेरीत जमिनीला टेकणारा भाग दबतो आणि पुन्हा सुटतो. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटर वेगाने जाताना अर्टिगाचं चाक मिनिटाला सुमारे हजार वेळा फिरतं. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते, रबर आतून तापतं आणि थरांची पकड सुटू लागते. तापल्यावर दाब वाढतो हे खरं, पण ती वाढ धरूनच कंपनी आकडा ठरवते.

तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. भरल्या गाडीसाठी बहुधा वेगळा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार अंकही वाचा: 2319 म्हणजे 2019च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होऊन तडकतं. सिंदखेडराजा ओलांडून लांब जायचं असेल तर स्टेपनीतली हवाही बघाच.