वाशी मार्केटमधला माणूस बिडी सोडतोय? पहिल्या तीन दिवसांत घरच्यांचा फोन लई कामाचा

वाशी (नवी मुंबई) : भाजीपाल्याच्या गाड्या मार्केटला रात्रीच लागतात. पहाटेपर्यंत पोती उतरवायची, क्रेट गाळ्यावर न्यायचे, मध्येच दहा मिनिटं मोकळी मिळाली की टपरीवर कटिंग. आणि कटिंगबरोबर बिडी. पाटण, जावळी, कोरेगाव, माण, खटाव या तालुक्यांतल्या गावागावांतली माणसं पिढ्यान् पिढ्या या कामाला मुंबईत आणि पुढे वाशीत आली. कुणाला बिडी गावातच लागलेली असते, कुणाला टोळीत आल्यावर.

"आता सोडली," असं तो दिवाळीला गावी आल्यावर सांगतो. आई खूश, बायको खूश. वाशीला परत गेल्यावर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री पुन्हा काडी पेटते. मग घरचे म्हणतात, याचं मनच घट्ट नाही. हे बोलणं निम्मंच खरं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बिडी पुन्हा का पेटते, याला शरीरातलं कारण आहे. ते घरच्यांना माहीत असेल, तर पुढच्या वेळी गावाकडून फोनवर बरंच काही करता येतं.

तिसऱ्या दिवशी नेमकं काय होतं?

बिडीच्या धुरातलं निकोटीन झुरका घेतल्यावर काही सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथं बरं वाटायला लावणारी रसायनं सुटतात. पण दोनेक तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि मेंदू पुन्हा मागायला लागतो. दिवसाला वीस-पंचवीस बिड्या ओढणारा माणूस मौज म्हणून ओढत नसतो. आधीचं निकोटीन उतरल्यामुळे आलेली बेचैनी घालवायला तो पुढची बिडी पेटवतो.

सोडल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक, उदास वाटणं असा तो प्रकार असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास सगळ्यात जास्त असतो, नंतर हळूहळू उतरतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत जातो. म्हणजे ज्या रात्री माणूस हार मानतो, त्याच्या पुढच्या दिवसापासून उतार लागणार असतो. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला वाटतं, आता जन्मभर असंच होणार.

तलफसुद्धा सलग राहत नाही. ती लाटेसारखी येते, जोर करते आणि साधारण पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढला की झालं. तासाभरानं पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा तेवढीच मिनिटं काढायची. डॉक्टर यासाठी साधे उपाय सांगतात: थोडं थांबणं, घोट-घोट पाणी पिणं, चार-पाच लांब श्वास घेणं, जागा बदलून दुसऱ्या कामाला लागणं. वाचायला हे पोरखेळ वाटतं, पण पाच मिनिटं काढायला एवढं पुरतं.

"बिडी हलकी, सिगारेट जड" हा समजही काढून टाकायला हवा. तेंदूपानाची बिडी लवकर विझते, म्हणून तिला जास्त आणि जोरात झुरके मारावे लागतात. त्यामुळे धूर छातीत कमी जात नाही, उलट जास्तच जातो.

चहा आणि सकाळचं पोट

दोन गोष्टींची पूर्वकल्पना क्वचितच कुणी देतं, आणि नवा गडी नेमका तिथंच घाबरतो.

पहिली चहाची. धूर ओढणाऱ्याचं शरीर चहातलं कॅफीन लवकर फेकून देतं. बिडी बंद झाली की तेच कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं. आधी दिवसात आठ कटिंग पचत होते, आता तेवढ्याच चहानं छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही. माणूस म्हणतो, बिडी सोडल्यामुळे हे झालं. खरं तर अर्धा त्रास चहाचा असतो. पहिले काही दिवस चहा निम्म्यावर आणला की फरक कळतो. शिवाय चहा आणि बिडीची जोडी वर्षानुवर्षांची, चहाचा कप हातात आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो. टपरी बदलली किंवा चहा गाळ्यावरच मागवला, तरी बरंच काम होतं.

दुसरी गोष्ट पोटाची. "बिडी ओढल्याशिवाय सकाळी होतच नाही" हे वाक्य गावोगाव ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. निकोटीनमुळे आतड्यांना चालना मिळते. ते बंद झालं की काही दिवस पोट साफ होत नाही. एवढ्या एका कारणासाठी सकाळची बिडी धरून ठेवणारे आणि तिच्यापायी पुन्हा पुऱ्या कट्ट्यावर जाणारे कमी नाहीत. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, थोडं चालणं, यानं दोन-तीन आठवड्यांत पोट नव्या सवयीला लागतं.

काहींना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो. पण खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर "बिडी सोडल्याचा खोकला" म्हणून बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, टीबी नाही ना हे बघून घ्यावं. छातीत दुखून घाम फुटला, तर तो तलफेचा त्रास नव्हे, लगेच हॉस्पिटल गाठावं.

पहाटे चारला फोन कुणाला?

कुणाचीही मदत न घेता अचानक सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे जेमतेम तीन ते पाच निघतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. सल्ला आणि औषधाची जोड मिळाली की हा आकडा वाढतो. म्हणून मदत घेण्यात कमीपणा नाही.

केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-112-356 या नंबरवर आहे, फोन मोफत लागतो. 2016 मध्ये दिल्लीच्या पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून ती सुरू झाली. 2018 मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तिला जोडलं गेलं आणि मराठीतही बोलायची सोय झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापणं बंधनकारक झालं. म्हणजे ओढणाऱ्याच्या खिशात तो आधीपासूनच आहे, फक्त कुणी वाचत नाही.

फोन केल्यावर समुपदेशक आधी विचारतात: दिवसाला किती, पहिली बिडी उठल्यावर किती वेळानं, याआधी कधी सोडली होती, पुन्हा का सुरू झाली. मग दोघं मिळून सोडायची तारीख ठरवतात. त्या तारखेनंतर ते स्वतः फोन करून विचारपूस करतात. ज्यांना बोलायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी 011-22901701 या नंबरवर मिस्ड कॉल दिला की मेसेज येत राहतात.

अडचण वेळेची आहे. हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते, सोमवारी बंद असते. मार्केटमधल्या माणसाला तलफ येते पहाटे चारला, गाडी खाली करून अंग मोडलेलं असताना. त्या वेळी फोन उचलणारं दुसरं कुणीतरी लागतं. टोळीतला एखादा न ओढणारा, किंवा आधीच सोडलेला जोडीदार सगळ्यात बरा, कारण तो शेजारीच असतो. मुकादमाच्या कानावर घातलं तर पहिले तीन-चार दिवस बाकीचे निदान समोर पुढे करणार नाहीत. आणि गावाकडे धार काढायला, चूल पेटवायला पहाटे उठणारं माणूस असतंच. त्याला आधीच सांगून ठेवावं: अमुक तारखेपासून तीन-चार दिवस पहाटे फोन येईल, दोन मिनिटं बोल.

बोलायचं काय, हेही महत्त्वाचं आहे. "ओढली नाही ना? खरं सांगा, पोरांची शपथ" असा रोजचा पंचनामा सुरू झाला की माणूस फोन टाळायला लागतो, नाहीतर खोटं बोलतो. त्यापेक्षा "जेवला का, झोप झाली का, आज कितवा दिवस" एवढं पुरे. म्हशीचं सांगावं, पोराच्या शाळेचं सांगावं. बोलता-बोलता पाच मिनिटं निघून जातात. त्या दिवसांत तो फोनवर खेकसला तर मनाला लावून घेऊ नये. घराचा हप्ता, भावकीचा वाद, जमिनीची मोजणी हे विषय आठवडाभर लांबणीवर टाकलेले बरे.

बिडी गेली, तंबाखू आली

सगळ्यात मोठी फसगत इथं होते. बिडी सुटते आणि हातावर तंबाखू-चुना येतो. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते, आणि चघळण्या-घासण्याचा तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. निकोटीन दोन्हींत तेच, तोंडाचा कॅन्सर वरून. यात मशेरीही आली. नवऱ्याला बिडी सोड म्हणणाऱ्या घरात मशेरीची डबी चुलीशेजारी असेल, तर दोघांनी एकाच तारखेला सोडायला हरकत नाही. एकमेकांची अडचण तरी कळेल.

तलफ फारच जोराची असेल तर निकोटीनची चघळायची गोळी मिळते. 2 मिलिग्रॅमची मेडिकलमध्ये मिळते, 4 मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती च्युइंगगमसारखी सारखी चघळायची नाही. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, त्या कमी झाल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायची, असं अर्धा तास. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही आणि माणूस म्हणतो, गोळीनं काही झालंच नाही. हार्टचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

तारीख निवडताना गावची जत्रा, लग्नसराई आणि मार्केटमधले आवकेचे दिवस टाळावेत. आदल्या रात्री काडेपेटी, लायटर, उरलेला कट्टा टाकून द्यावा, "पाहुण्यांसाठी" म्हणूनही ठेवू नये. रोजचे 30 रुपये जात असतील तर वर्षाचे 10,950 होतात, ते वेगळ्या डब्यात टाकले की पोरांनासुद्धा मोजायला मजा येते.

मध्येच एखादी ओढली गेली, तर "गेलं सगळं" म्हणून कट्टा विकत आणू नये. ती कुठं, कुणाबरोबर, कशामुळे ओढली, हे आठवून पुढच्या वेळी ती जागा टाळावी. कायमची सोडलेल्या बऱ्याच जणांनी आधी दोन-चारदा सोडून पाहिलेली असते.

समोरासमोर सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशनाची सोय आहे. डेंटल कॉलेजांमध्येही अशी केंद्रं काढायच्या सूचना केंद्रानं 2018 मध्ये दिल्या. वाशीहून लोकलनं नेरूळला उतरलं तर तिथं डेंटल कॉलेजं आहेत. रात्रपाळी करून, झोप काढून दुपारी जाता येतं. दात दाखवायच्या निमित्तानं गेलं तरी चालतं. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तेही त्याच वेळी तपासून होईल.