बापाच्या तोंडातली ठेव

पिल्लांना जन्म देऊन मोकळे व्हायचे, पुढचे दैवावर सोपवायचे, अशी माशांची रीत, असे आपण समजतो. बांगाई कार्डिनल या माशाने ही समजूत खोटी ठरवली आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या पूर्वेला बांगाई हा द्वीपसमूह आहे. तिथल्या उथळ, शांत पाण्यात, प्रवाळ आणि समुद्रगवताच्या आसऱ्याने तो राहतो. लांबी जेमतेम आठ सेंटीमीटर. चंदेरी अंगावर काळे पट्टे, त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, जणू कुणी निवांत बसून कशिदा काढला आहे.

मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. सुमारे तीन आठवडे तोंडातच सांभाळतो. पिल्ले अंड्यातून निघाल्यावरही आणखी काही दिवस तिथेच वाढतात. तोवर बापाला उपास! मी कादंबऱ्यांतून बरेच बाप रंगवले, पण असा बाप काही मला सुचला नव्हता.

मात्र बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला कौतुकापाठोपाठ हिशेब दिसू लागतो. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर जातात. एका ठिकाणचे मासे संपले, तरी दुसरीकडून भरणा होत राहतो. बांगाईच्या एका खेपेची पिल्ले मात्र थोडी, आणि बापाच्या तोंडातून सुटली की ती तिथल्याच समुद्रफुलांत किंवा काटेरी अर्चिनच्या लांब काळ्या काट्यांत दडतात. दूर कुठे जात नाहीत. म्हणजे या खात्यात बाहेरून दमडीही जमा होत नाही. काढायचे ते मुद्दलातूनच.

आणि काढले किती? १९३३ साली कोमान्स या डच शास्त्रज्ञाने या माशाची शास्त्रीय नोंद केली. नंतर तो जवळजवळ विस्मरणात गेला. १९९४ मध्ये जेराल्ड अ‍ॅलन यांनी त्याला पुन्हा शोधून काढले आणि हौशी लोकांच्या नजरेत तो भरला. २००१ च्या सुमारास वर्षाला सहा-सात लाख मासे काचेच्या टाक्यांसाठी पकडले जात होते. पकडणाऱ्या कोळ्याच्या हाती एका माशामागे पडत काही सेंट. त्यात अर्चिन आणि समुद्रफुले खाण्यासाठी काढली जाऊ लागली, तेव्हा पिल्लांचे घरही गेले. २००७ मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेने त्याला संकटग्रस्तांच्या यादीत घातले. २०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारने वर्षातल्या ठरावीक महिन्यांत त्याला पकडण्यास बंदी केली.

गंमत अशी, की जी सवय त्याच्या मुळावर आली, तीच त्याला तारूही शकते. बापाच्या तोंडात वाढलेली पिल्ले बाहेर येतात ती चांगली धडधाकट. त्यामुळे टाकीत ती वाढवणे तुलनेने सोपे. थायलंडमध्ये त्यांची व्यापारी प्रमाणावर पैदास झाली आहे.

पण इथेच मला प्रश्न पडतो. सगळे मासे परदेशी टाक्यांत तयार होऊ लागले, तर बांगाईच्या कोळ्याने अर्चिन का राखावेत? चूल त्याचीही पेटायला हवी. पैदास त्याच्याच किनाऱ्यावर झाली, चार पैसे त्याला मिळाले, तर समुद्राचा राखणदारही तोच होईल.

तुमच्या घरी मुले रंगीत माशांचा हट्ट धरतील, तेव्हा दुकानदाराला एवढे जरूर विचारा: हा मासा टाकीत जन्मलेला, की समुद्रातून उचललेला?