नावाचा दगड आणि देखभालीचा हिशेब

रायपूरच्या गोल बाजारात लग्नसराईची खरेदी आटोपल्यावर भांड्यांवर नाव घालून घेण्याची रीत जुनीच आहे. तांब्याच्या काठावर वडिलांचे नाव, वर्ष आणि गावाचे आद्याक्षर एवढा मजकूर कोरला की त्या वस्तूला घराण्याचा इतिहास लाभतो. पन्नास वर्षांनी भांडे चेपते, कल्हई उडते. पण नाव वाचता येते. स्मृती टिकविण्याची हीच इच्छा सार्वजनिक कार्याकडे वळली म्हणजे शाळेच्या खोलीवर, धर्मशाळेच्या ओवरीवर किंवा घाटाच्या पायरीवर देणगीदारांची नावे दिसू लागतात. विश्वविद्यालयाच्या परिसरात देणगीदारांच्या साहाय्याने स्मृतिपथ बांधणे ही त्याच परंपरेतील अलीकडची कल्पना होय.

कल्पना सोपी आहे. परिसरातील एखादी पायवाट फरसबंद करावयाची, तिच्यातील प्रत्येक फरशी अथवा वीट ठरावीक रकमेस एकेका देणगीदाराच्या नावे द्यावयाची आणि तीवर त्याने सुचविलेले नाव कोरावयाचे. अमेरिकेतील पोर्टलंड शहराचा मध्यवर्ती चौक १९८४ साली खुला झाला, तेव्हा त्याच्या उभारणीसाठी हजारो नागरिकांनी आपापल्या नावाच्या विटा विकत घेतल्या होत्या. त्यानंतर हा प्रकार तेथील अनेक विद्यापीठांनी उचलला. त्याच देशातील आर्कान्सा विद्यापीठात मात्र निराळी प्रथा आहे. तेथे पायवाटेवर नाव येते ते पैसे दिल्यामुळे नव्हे, तर पदवी मिळाल्यामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही वाट आता कित्येक मैल लांब झाली आहे. नाव कशामुळे यावे, हा प्रश्न अशा प्रत्येक योजनेच्या मुळाशी असतो.

छत्तीसगढला दातृत्व नवे नाही. तरेंग्याचे मालगुजार दाऊ कल्याणसिंह यांच्या दानातून रायपुरात रुग्णालय उभे राहिले. लाभांडी येथील कृषी शिक्षणासाठीही त्यांनी जमीन व पैसा दिला; आज तेथे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे. २००० साली राज्य स्थापन झाल्यावर रुग्णालयाच्या त्या वास्तूत मंत्रालय आले, २०१२ साली ते नव्या रायपुरास गेले आणि २०१८ पासून तेथे पुन्हा रुग्णालय चालू आहे. वास्तूचा उपयोग दोनदा बदलला, दात्याचे नाव मात्र कायम राहिले. रायपूर ज्या मध्यप्रांतात होते, त्याच प्रांतातील नागपूर विद्यापीठाला कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली सुमारे पस्तीस लाखांची संपत्ती मृत्युपत्राने दिली व तीतून लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था निर्माण झाली. ही मोठी माणसे, मोठ्या रकमा. स्मृतिपथाचे वैशिष्ट्य असे की, गोल बाजारातील किरकोळ दुकानदार, निवृत्त शिक्षिका किंवा नुकताच नोकरीस लागलेला माजी विद्यार्थी यांनाही त्यात जागा मिळू शकते. आणि म्हणूनच तेथे दिलेला शब्द अधिक काटेकोरपणे पाळला जावयास हवा. लक्ष्मीनारायणांच्या नावाची काळजी घ्यायला एक संस्था आहे. आईच्या नावाने पाच हजार रुपये देणाऱ्याच्या मागे केवळ एक पावती असते.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्रींच्या नावाने मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला व खुद्द प्रेमचंदांची दौलत धुळीस मिळाली. मनोरा मात्र १८७८ साली पूर्ण झाला. तोवर वास्तूचा खर्च देणगीच्या पुढे गेला होता. २०१५ साली पूर्ण झालेल्या तिच्या जीर्णोद्धारासाठी एका मोठ्या संगणक कंपनीला कोट्यवधी रुपयांचे साह्य करावे लागले. बांधणे एकदाच असते, सांभाळणे दरवर्षी असते. वास्तू जगप्रसिद्ध असेल तर जीर्णोद्धाराला दाता मिळतो. दीडशे मीटरच्या पायवाटेला तो कोठून मिळणार?

तेव्हा हिशेब आधीच मांडलेला बरा. समजा, पथ १५० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना एक-एक फुटाच्या मिळून १,००० नामफरशा बसतात. ४५० चौरस मीटर फरसबंदीला चौरस मीटरला ४,००० रुपये दराने १८ लाख रुपये लागतील. पाण्याचा निचरा, दिवे व बाके यांस ७ लाख धरावे. नामफरशी व कोरीव काम प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे १० लाख. एकूण खर्च ३५ लाख होतो. एक फरशी ३,५०० रुपयांस दिली तर हिशेब बरोबर जुळतो आणि तेथेच फसगत होते, कारण देखभालीला एक पैसाही उरत नाही. तीच फरशी ५,००० रुपयांस दिली तर ५० लाख जमतात व १५ लाखांची कायम ठेव करता येते. साडेसहा टक्के व्याजाने तिच्यावर वर्षाला ९७,५०० रुपये मिळतील. त्यांतील दोन तृतीयांश खर्चून उरलेली रक्कम मुद्दलात मिळवीत गेले, तर महागाईशी थोडीफार झुंज देता येते.

पण सर्व फरशा खपतीलच असे नाही. हजारांपैकी ६०० खपल्या तर जमा ३० लाख आणि खर्च ३१ लाख, म्हणजे देखभालीचा निधी शून्य आणि वर एक लाखाची तूट! म्हणून पथ टप्प्याटप्प्याने बांधावा, ठरावीक संख्येची वर्गणी जमल्यावरच कुदळ मारावी आणि ती न जमल्यास पैसे परत करण्याचा नियम पत्रकातच छापावा, हे शहाणपणाचे. जमा रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू न देता त्यासाठी स्वतंत्र बचत खाते उघडावे. देखभालीचा हिस्सा मुदत ठेवीत ठेवून मुद्दलास हात लावण्यासाठी कार्यपरिषदेचा ठराव आवश्यक करावा. शाखेतील कर्मचाऱ्यांनी असे खाते उघडतानाच ठरावाची प्रत मागितली, तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

दगडाची निवडही हिशेबाचाच भाग आहे. रायपूरच्या आसपास चुनखडीची फरशी मुबलक मिळते. सिमेंटचे कारखाने तेथे आले ते या चुनखडीमुळेच. पण चुनखडी मऊ असते आणि सततच्या पावलांनी तीवरील अक्षरे पुसट होतात. ग्रॅनाइट महाग पडला तरी अक्षर धरून ठेवतो. मात्र तो घोटून गुळगुळीत केलेला नसावा, नाहीतर पावसाळ्यात स्मृतिपथ घसरगुंडी होईल. अक्षर मोठे व मजकूर थोडा असावा, देवनागरी अक्षरांचा तर विशेषच, कारण बारीक अक्षरांतील वेलांट्या व अनुस्वार धुळीने आधी बुजतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते, जी परदेशी नमुन्यात नाही. वडिलांच्या नावावर लोकांनी पाय द्यावा हे अनेकांच्या मनाला पटत नाही. त्याच वेळी पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. श्रद्धेने स्वतः मागितलेली जागा वेगळी आणि योजनेने दिलेली जागा वेगळी, हे येथे विसरता कामा नये. वरील हिशेबात नामफरशा कडांना धरल्या आहेत त्या याच कारणाने. त्या किंचित उंच बसविल्या, तर चालणारा नाव वाचतो, तुडवीत नाही. मधल्या भागात कोणाचेच नाव नको.

करसवलतीविषयी गैरसमज फार आहेत. 'ऐंशी-जी' या नावाने परिचित सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते, रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरील देणगीस मिळत नाही आणि नव्या करप्रणालीचा पर्याय स्वीकारलेल्या व्यक्तीसही मिळत नाही. धनादेश किंवा बँकेतून थेट हस्तांतरण हाच सरळ मार्ग. संस्थेने वर्षअखेर देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरून दात्यास प्रमाणपत्र द्यावयाचे असते. नुसती पावती पुरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थ्याची देणगी परकीय अंशदान ठरते. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम तशी ठरत नाही. म्हणून स्वीकारण्यापूर्वीच देणगीदाराचे नागरिकत्व विचारून घ्यावे.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वस्तू व सेवा कराचा आहे. ऑक्टोबर २०१९ च्या एका परिपत्रकाने केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने असे स्पष्ट केले की, दात्याचे नाव केवळ कृतज्ञतेपोटी लावले असेल, त्यात त्याच्या व्यवसायाची जाहिरात नसेल आणि रकमेचे स्वरूप दानाचे असेल, तर त्यावर कर लागत नाही. गोल बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याने 'पूज्य पिताजींच्या स्मरणार्थ' एवढेच कोरविले तर ते दान होय. त्याखाली दुकानाचे नाव, मालाचा प्रकार आणि दूरध्वनी क्रमांक आला, की ती जाहिरात होते, संस्थेला कर भरावा लागतो आणि पाच हजारांच्या फरशीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मजकुराचा नमुना अर्जासोबतच मागवून समितीने तो मंजूर करावा आणि दगड कोरणाऱ्याच्या हाती मंजूर प्रतच द्यावी.