चोर सापडला, आता पुढे?

कल्याण-ठाणे लोकलमध्ये पाकीटमार सापडला की सगळा डबा हात धुऊन घेतो. होस्टेलवर मोबाईल चोर सापडला तरी तेच! कायदा काय म्हणतो, हे मी जरा वाचून काढलं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. आपला माल वाचवायला बळ वापरायचा हक्क तिच्या कलम ३५ ने दिलाय. पण गरजेपुरताच, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तोही नाही (कलम ३७). जीव घेण्यापर्यंतची मुभा फक्त जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तेव्हाच (कलम ४१).

साध्या चोरीत माल परत मिळाला की हक्क संपला. नंतरची प्रत्येक थप्पड हा आपला गुन्हा! डोळ्यांदेखत मोबाईल चोरणाऱ्याला धरा जरूर, पण विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्या.

एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले गावात (तालुका डहाणू, २०१४ पर्यंत आपलाच ठाणे जिल्हा) चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने तिघांना ठार मारलं. ते चोर नव्हतेच. तेव्हा हात आवरा आणि ११२ फिरवा.